एपी क्रेडिट आणि मेडिकल स्कूलचे प्रीरेक: कोणतं वापरायचं, कोणतं सोडायचं?

शाईपेन (धागाकर्ती)

जुलैत एपीचे (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कूलमध्येच दिलेल्या कॉलेज पातळीच्या परीक्षांचे) निकाल लागले की अमेरिकेतल्या मराठी घरांत एकच प्रश्न फिरायला लागतो. बायोलॉजी, केमिस्ट्री, कॅल्क्युलसमध्ये ५ मिळाले, पुढे मेडिकलला जायचंय, तर कॉलेजात हे विषय पुन्हा घ्यायचे की क्रेडिट पदरात पाडून पुढे सरकायचं? वेगवेगळ्या धाग्यांवर याची तुकड्यातुकड्यांत उत्तरं आहेत, आणि त्यातली काही एकमेकांच्या विरुद्ध आहेत. म्हणून हा वेगळा धागा.

आधी एक गोष्ट पक्की करू. या व्यवहारात तीन वेगळी माणसं बसलेली आहेत. एपी परीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड फक्त १ ते ५ मधला गुण देतं. त्या गुणाचं क्रेडिट करायचं की नाही, किती करायचं, हे तुमच्या कॉलेजचा रजिस्ट्रार ठरवतो. आणि ते क्रेडिट प्रीरेक (प्रवेशाआधी पूर्ण करायचा विषय) म्हणून चालेल का, हे प्रत्येक मेडिकल स्कूल आपापलं ठरवतं. पहिल्या दोघांनी हो म्हटलं म्हणजे तिसरा हो म्हणेलच असं नाही, आणि बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं.

मेडिकल स्कूलला तुमचा ५ हा आकडा सहसा दिसतही नाही. त्यांना दिसते ती ट्रान्सक्रिप्टवरची, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रिकेवरची, एक ओळ. ती दोन प्रकारची असू शकते. एक अशी: "केम १०१, जनरल केमिस्ट्री १, ४ क्रेडिट, एपी". दुसरी अशी: "एपी केमिस्ट्री, ८.० युनिट". पहिल्या ओळीत विभाग आहे, कोर्स क्रमांक आहे, क्रेडिट आहे. दुसरीत नुसते युनिट आहेत, आणि ते पदवीच्या एकूण युनिटांत जमा होतात इतकंच. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या कॅम्पसमध्ये ३ किंवा जास्त गुणांना असे युनिट मिळतात (बायोलॉजीला ८ क्वार्टर युनिट, म्हणजे सुमारे ५.३ सेमिस्टर तास), पण त्यातून नेमका कुठला कोर्स सुटतो हे कॅम्पस आणि मेजर (पदवीचा मुख्य विषय) पाहून ठरतं. जिथे मेडिकल स्कूल कोर्स क्रमांक मागतं तिथे दुसऱ्या प्रकारच्या ओळीचा उपयोग जवळजवळ शून्य.

तिसराही प्रकार आहे. काही कॉलेजं क्रेडिट देतच नाहीत, फक्त वरच्या वर्गात बसू देतात. अशा वेळी ट्रान्सक्रिप्टवर काहीच उमटत नाही. मेडिकल स्कूलच्या हिशोबात तो विषय तुम्ही केलेलाच नाही.

विषयवार माहिती जाणकारांनी खाली भर घालून द्यावी ही विनंती.

अबोली_एनजे

शाईपेनताई, वेळेवर धागा काढलात. मुलगी या ऑगस्टमध्ये कॉलेजला जाते आहे. एपी बायोलॉजी ५, केमिस्ट्री ५, कॅल्क्युलस बीसी ५, इंग्लिश लँग्वेज ४, फिजिक्स १ मध्ये ४. कॉलेज केमिस्ट्रीचे ८ आणि बायोलॉजीचे ८ क्रेडिट द्यायला तयार आहे. प्री-हेल्थ ऑफिसचं उत्तर एवढंच की शाळेशाळेवर अवलंबून आहे. पण वर्गांची नोंदणी तर आत्ता करायची आहे. नेमकं काय घ्यावं?

रसायनवेडा

अबोलीताई, केमिस्ट्रीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

मेडिकल स्कूलची पारंपरिक मागणी अशी: जनरल केमिस्ट्री एक वर्ष लॅबसह, ऑरगॅनिक एक वर्ष लॅबसह, आणि बायोकेमिस्ट्री एक सेमिस्टर. हल्ली बऱ्याच शाळा ऑरगॅनिकचं एकच सेमिस्टर आणि बायोकेमिस्ट्री एवढ्यावर समाधान मानतात. एपीमध्ये ऑरगॅनिक नाही आणि बायोकेमिस्ट्रीही नाही, त्यामुळे प्रश्न फक्त जनरल केमिस्ट्रीचा.

एपीबद्दल मेडिकल स्कूलची धोरणं चार प्रकारची सापडतात. सरळ चालतं. अजिबात चालत नाही. चालतं, पण तेवढ्याच तासांचा वरचा केमिस्ट्री कोर्स लॅबसह दाखवा. आणि एकाच सेमिस्टरपुरतं चालतं. तिसरा प्रकार भरपूर आढळतो, म्हणून योजना त्याच्या हिशोबाने आखावी. वरचा कोर्स म्हणजे ॲनालिटिकल किंवा क्वांटिटेटिव्ह ॲनालिसिस, इनऑरगॅनिक, फिजिकल केमिस्ट्री, लॅबसह बायोकेमिस्ट्री.

इथे एक खाचखळगा आहे. बायोकेमिस्ट्री हा त्या शाळेचा स्वतंत्र प्रीरेक असेल, तर तोच कोर्स जनरल केमिस्ट्रीची भरपाई म्हणून दाखवता येत नाही. एकच कोर्स दोन खात्यांत जमा करू देणारी शाळा क्वचितच. मग बायोकेमिस्ट्रीशिवाय आणखी एक लॅबवाला कोर्स लागतो. मुलं हे चौथ्या वर्षात शोधून काढतात, आणि तेव्हा ॲनालिटिकलची लॅब भरलेली असते.

दुसरा खळगा लॅबचा. पुष्कळ कॉलेजांत लेक्चर ३ क्रेडिटचं आणि लॅब १ क्रेडिटची, दोघांचे क्रमांक वेगळे. एपीचं क्रेडिट फक्त लेक्चरच्या क्रमांकावर पडलं असेल, तर "लॅबसह" ही अट अपुरी राहते. तुमच्या मुलीचे ८ क्रेडिट कसे विभागले आहेत ते पाहा: ४ + ४ एकत्रित आहेत, की ३ + १ + ३ + १ असे लॅबच्या क्रमांकासह आहेत? लॅब सुटी असेल आणि एपीत आली नसेल, तर काही कॉलेजं नुसती लॅब घेऊ देतात. विभागाच्या लॅब कोऑर्डिनेटरला ईमेल करून विचारावं. तो कुणाच्या यादीत नसतो, पण सांगू शकतो तोच.

आता अभ्यासाचं. ऑरगॅनिकला थेट उडी मारायची तर बफर, पीकेए, टायट्रेशनचे आलेख, समतोल, गतिकी आणि मॉलेक्युलर ऑर्बिटल हे पक्कं हवं. एपीच्या अभ्यासक्रमात यातलं बहुतेक आहे, ऑर्बिटलचा भाग मात्र पातळ आहे. अकरावीत एपी केमिस्ट्री दिली असेल तर मधे सव्वा वर्ष गेलेलं असतं. पीकेएच्या जोरावर कुठला प्रोटॉन आधी सुटेल हे सांगता आलं नाही, तर ऑरगॅनिकच्या दुसऱ्याच परीक्षेत फटका बसतो.

म्हणून माझा कौल: कॉलेजात एपीवाल्यांसाठी एका सेमिस्टरचा ऑनर्स किंवा ॲक्सिलरेटेड जनरल केमिस्ट्री कोर्स लॅबसह असेल, तर तो घ्यावा. बऱ्याच मोठ्या कॉलेजांत असतो. कॉलेजातली केमिस्ट्री लॅबसह केल्याची नोंद होते, ग्रेड मिळते, उजळणी होते, आणि वर्षाऐवजी एकच सेमिस्टर जातं.

काठपदर

एवढं अवघड करायची गरज आहे का? माझ्या माहितीप्रमाणे कॉलेजने क्रेडिट दिलं की सगळी मेडिकल स्कूल मानतात. आणि अर्ज करताना कॉलेज बोर्डाकडून एपीचे गुण थेट मेडिकल स्कूलच्या सामाईक अर्जयंत्रणेला, म्हणजे अ‍ॅमकॅसला पाठवले की झालं ना?

पानगळ

काठपदर, दोन्ही मुद्द्यांत दुरुस्ती हवी, नाहीतर कुणीतरी हे वाचून तसंच करेल.

सगळी मानत नाहीत. एमसार म्हणजे एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेचा जो शाळावार माहितीसंच आहे, त्यात प्रत्येक शाळेच्या पानावर विषयवार नोंद असते: आवश्यक की शिफारस, लॅब हवी का, एपी चालतं का, कम्युनिटी कॉलेज चालतं का, ऑनलाइन चालतं का. वर्षाची वर्गणी आहे, पण ते पैसे वाया जात नाहीत. डीओ (ऑस्टिओपॅथिक) शाळांसाठी चूझ डीओ एक्स्प्लोरर मोफत आहे. तिथली खूण पाहून थांबायचं नाही, शाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचं प्रवेश-पान उघडायचं. "एपी चालतं" याच्या खाली बारीक अक्षरात "वरच्या पातळीचा कोर्स अपेक्षित" असं असतं.

अ‍ॅमकॅस एपीचे गुण घेत नाही. कॉलेज बोर्डाचे गुण जातात ते कॉलेजला. अ‍ॅमकॅसला लागते कॉलेजची अधिकृत ट्रान्सक्रिप्ट, आणि तुम्ही भरलेली प्रत्येक ओळ ते त्या ट्रान्सक्रिप्टशी ताडून पाहतात. एखादी शाळा नंतर गुणांचा पुरावा मागू शकते. तेव्हा तो थेट त्या शाळेला द्यायचा.

फॉर्ममध्ये एपी भरायची पद्धत सांगते, कारण पडताळणीत अर्ज परत येण्याचं ते एक कारण असतं:

एपीची ओळ तेव्हाच टाकायची जेव्हा कॉलेजने क्रेडिट दिलं आहे आणि ते ट्रान्सक्रिप्टवर आहे. नुसतं वरच्या वर्गात बसवलं असेल तर टाकायची नाही. ज्या टर्ममध्ये कॉलेजने पहिल्यांदा क्रेडिट दिलं त्या टर्मखाली ती ओळ जाते, बहुतेक पहिल्या वर्षाच्या पहिल्या टर्ममध्ये. परीक्षा दिली ते हायस्कूलचं वर्ष तिथे लिहायचं नाही. कोर्सच्या प्रकारात ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट निवडायचं. ही क्रेडिट जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरली जात नाहीत. जीपीएच्या तक्त्याखाली सप्लिमेंटल अवर्स असा भाग येतो, त्यात एपीचे तास वेगळे दिसतात.

मधे कॉलेज बदललं असेल तर दोन्ही ट्रान्सक्रिप्टवर तेच एपी दिसतं. अ‍ॅमकॅसमध्ये ते एकदाच भरायचं. दोनदा भरलं की तास फुगतात आणि पडताळणीत पकडलं जातं.

काठपदर

धन्यवाद पानगळ. माझी समजूत चुकीची होती.

शाईपेन

बायोलॉजी. इथे माझं मत रसायनवेडांपेक्षा थोडं वेगळं आहे.

बायोलॉजीत एपी वापरून पुढे जाणं बहुतेक वेळा फायद्याचं असतं, कारण वरचे कोर्स भरपूर आहेत आणि ते तसेही घ्यायचेच असतात. साधारण मागणी एक वर्ष लॅबसह, म्हणजे ८ सेमिस्टर तास किंवा १२ क्वार्टर तास. जेनेटिक्स लॅबसह ४ आणि सेल बायोलॉजी किंवा फिजिऑलॉजी लॅबसह ४, एवढं केलं की एपी न मानणाऱ्या बऱ्याच शाळाही हे ८ तास बायोलॉजी म्हणून धरतात. प्रास्ताविक कोर्सच हवा असा हट्ट फार थोड्यांचा. लॅब मात्र कोर्सला खरोखर जोडलेली हवी. वरच्या पातळीचे कित्येक बायोलॉजी कोर्स निव्वळ लेक्चरचे असतात, आणि तीन उत्तम कोर्स करूनही लॅबचे तास शून्य राहतात.

आता "सोपे ए मिळतील म्हणून प्रास्ताविक कोर्स पुन्हा घ्या" या सल्ल्याबद्दल. हिशोब करून पाहू. समजा बीसीपीएमचे, म्हणजे बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित मिळून, ६० तास झाले आहेत आणि सरासरी ३.६० आहे. एकूण २१६ गुण. त्यात प्रास्ताविक बायोलॉजीच्या ८ तासांत ए मिळवला तर २१६ + ३२ = २४८, भागिले ६८, म्हणजे ३.६५. बी मिळाला तर २४० भागिले ६८, म्हणजे ३.५३. वर गेलो तर ०.०५, खाली आलो तर ०.०७. आणि तो मोठा, वक्रावर ग्रेड देणारा वर्ग असेल तर बी अशक्य नाही. हात दाखवून अवलक्षण.

शिवाय क्रेडिट घेऊन तोच कोर्स पुन्हा केला तर बहुतेक कॉलेजं एपीचं क्रेडिट काढून टाकतात. एकाच विषयाचं क्रेडिट दोनदा मिळत नाही. पुन्हा करायचंच ठरलं तर रजिस्ट्रारकडे एपी नाकारण्याचा फॉर्म असतो. तो आधी भरावा, म्हणजे ट्रान्सक्रिप्टवर एकच स्वच्छ नोंद राहते.

त्रिज्या

फिजिक्स आणि गणित मी घेते.

फिजिक्सची अडचण अशी की बायोलॉजीसारखी भरपाई सोपी नाही. एपीने दोन्ही सेमिस्टर सुटली आणि शाळेने वरचा कोर्स मागितला, तर पुढचा कोर्स मॉडर्न फिजिक्स किंवा क्लासिकल मेकॅनिक्स, मेजरवाल्यांसाठीचा. बायोलॉजीच्या मुलीने तो कशाला घ्यायचा? म्हणून एपी न मानणाऱ्या शाळा यादीत असतील तर फिजिक्स कॉलेजातच करावं.

कुठला एपी आहे हेही पाहा. फिजिक्स १ आणि २ बीजगणितावर आधारलेले आहेत आणि दोन्ही मिळून एक वर्ष होतं. अबोलीताईंच्या मुलीकडे फक्त १ आहे, त्यामुळे फार तर पहिलं सेमिस्टर. फिजिक्स सीमध्ये मेकॅनिक्स आणि विद्युतचुंबकत्व या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, कॅल्क्युलसवर आधारलेल्या. दोन्हींत ५ मिळाले तर कॉलेजं सहज वर्षभराचं क्रेडिट देतात. पण त्यात द्रव, उष्णता, प्रकाश, ध्वनी नाहीत, आणि एमकॅटला (मेडिकल स्कूलच्या प्रवेशपरीक्षेला) हेच विचारतात: लेन्सचं सूत्र, बर्नोली, डॉप्लर. एमकॅटच्या केमिस्ट्री-फिजिक्स विभागात फिजिक्सचा वाटा साधारण २५ टक्के आहे. क्रेडिट मिळालं म्हणून हा भाग अभ्यासातून निसटू देऊ नये. (२०२४-२५ पासून द्रवांचा भाग फिजिक्स २ मधून १ मध्ये आला आहे, त्यामुळे जुन्या वह्यांवरून अंदाज बांधू नका.)

गणितात सगळ्यात कमी कटकट आहे. एपी कॅल्क्युलस बहुतेक शाळा मानतात, आणि एमकॅटला कॅल्क्युलस लागतही नाही. बीसीला ५ असताना कॅल्क्युलस १ पुन्हा घेण्यात अर्थ नाही. पुढचं गणित म्हणून सांख्यिकी किंवा बायोस्टॅटिस्टिक्स घ्यावं. एपी स्टॅटिस्टिक्सचं क्रेडिट असलं तरी बायोस्टॅटिस्टिक्स घ्यावं असं मी म्हणेन, कारण सांख्यिकी अ‍ॅमकॅसमध्ये गणितात, म्हणजे बीसीपीएममध्ये मोजली जाते, आणि पुढे प्रत्येक शोधनिबंध वाचताना ती लागते. कॉन्फिडन्स इंटरव्हल कळला नाही तर औषधाच्या चाचणीचा तक्ता वाचता येत नाही.

टेक्सासची_वारी

टेक्सासमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडं वेगळं चित्र आहे. इथल्या बहुतेक मेडिकल स्कूलचा अर्ज अ‍ॅमकॅसने होत नाही, टीएमडीएसएएस या वेगळ्या यंत्रणेतून होतो. तिथे एपीबाबत धोरण बरंच मोकळं आहे: कॉलेजने ठरावीक कोर्सचं क्रेडिट दिलेलं असावं, कोर्स आणि तास ट्रान्सक्रिप्टवर दिसावेत. नुसता "एपी, १२ तास" असा गठ्ठा चालत नाही. रजिस्ट्रारकडून तो कोर्सनिहाय फोडून घ्यावा, आणि हे काम अर्जाच्या वर्षात न ठेवता पहिल्याच वर्षी उरकावं.

राज्याचा कायदा असा की सरकारी विद्यापीठांनी सर्वसाधारणपणे ३ गुणांवरच क्रेडिट द्यावं. फ्लोरिडा आणि इलिनॉयमध्येही तशीच तरतूद आहे. इथे सांभाळावं लागतं. ३ गुणांवर केमिस्ट्रीचं क्रेडिट पडलं म्हणून ऑरगॅनिकला जाऊन बसू नये. क्रेडिट कायद्याने मिळतं, समतोलाची गणितं कायद्याने येत नाहीत.

जीपीएचाही फरक आहे. अ‍ॅमकॅसमध्ये ए मायनस ३.७ आणि बी प्लस ३.३ धरतात. टीएमडीएसएएस प्लस-मायनस मोजत नाही: ए मायनस सरळ ४.०, पण बी प्लस ३.०. दोन्हीकडे अर्ज करणाऱ्यांना दोन वेगळे आकडे दिसतात, त्यात कुणाची चूक नसते.

अबोली_एनजे

सगळ्यांचे मनापासून आभार. आणखी दोन शंका. तिने बारावीत कम्युनिटी कॉलेजचा एक ड्युअल एनरोलमेंट कोर्स केला होता, इंग्रजीचा, बी मिळाला. तो एपीसारखाच धरायचा का? आणि एवढं क्रेडिट आहे तर तीन वर्षांत पदवी संपवता येईल असं ती म्हणते आहे.

पानगळ

नाही, ड्युअल एनरोलमेंट वेगळं प्रकरण आहे. तो खराखुरा कॉलेजचा कोर्स आहे आणि त्याला खरीखुरी ग्रेड आहे. अ‍ॅमकॅसमध्ये तो हायस्कूल या दर्जाखाली भरावाच लागतो, त्या कम्युनिटी कॉलेजची वेगळी ट्रान्सक्रिप्ट मागवावी लागते, आणि ग्रेड हिशोबात येते. पुढच्या कॉलेजने तो ट्रान्सफर म्हणून घेतला नाही तरीही भरायचा. हा कोर्स लपवला आणि नंतर उघडकीला आला तर प्रकरण गंभीर होतं. एका बीने काही बिघडत नाही, त्यामुळे काळजी नको. त्या कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट मागवायला मात्र विसरू नका. मुलं चार वर्षांनी हे कॉलेज साफ विसरलेली असतात आणि जूनमध्ये अर्ज तेवढ्यासाठी अडकून पडतो.

इंग्रजीबद्दलही इथेच. एपी इंग्लिशचं क्रेडिट काही शाळा मानतात, काहींना कॉलेजातलं लेखन ग्रेडसह हवं असतं. टेक्सासमध्ये ६ तासांची मागणी आहे. सुदैवाने पुष्कळ शाळा "रायटिंग इंटेन्सिव्ह" असा शिक्का असलेला इतिहासाचा, तत्त्वज्ञानाचा किंवा साहित्याचा कोर्सही धरतात. असा एक कोर्स दुसऱ्या वर्षापर्यंत घेतला की एपीचा प्रश्नच उरत नाही.

रसायनवेडा

तीन वर्षांबद्दल. क्रेडिट पुरतील, प्रश्न पंचांगाचा आहे.

तीन वर्षांत पदवी आणि लगेच मेडिकल स्कूल असं करायचं तर अर्ज दुसरं वर्ष संपल्यावरच्या जूनमध्ये जातो. म्हणजे एमकॅट दुसऱ्या वर्षाच्या वसंतात. एमकॅटमध्ये बायोलॉजीच्या विभागात २५ टक्के बायोकेमिस्ट्री आणि केमिस्ट्रीच्या विभागातही २५ टक्के बायोकेमिस्ट्री. म्हणजे ती त्याआधी संपायला हवी, म्हणजे ऑरगॅनिक पहिल्याच वर्षी. त्यातच मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा एक पूर्ण विभाग. आणि अर्ज जाईपर्यंत ग्रेड फक्त चार सेमिस्टरच्या.

त्याहून अडचण शिफारसपत्रांची. बऱ्याच शाळा शिकवलेल्या दोन विज्ञान प्राध्यापकांची पत्रं मागतात. एपीने प्रास्ताविक वर्ग गाळले, वरचे वर्ग नुकते सुरू झाले, मग जूनपर्यंत ओळखणारे प्राध्यापक कुठून आणायचे? रुग्णालयातले तास, संशोधन, स्वयंसेवा हेही दोन वर्षांत बसवायचं. जमत नाही असं नाही. पण वाचलेलं वर्ष पुन्हा अर्ज करण्यात गेलं तर हाती काय राहिलं? पदवी तीन वर्षांत घेऊन मधे एक वर्ष थांबून अर्ज करणं हा जास्त सुरक्षित मार्ग आहे, फीही वाचते.

हायस्कूलमधूनच प्रवेश मिळालेला सात-आठ वर्षांचा एकत्रित बीएस-एमडी अभ्यासक्रम असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून त्यांच्या प्रवेशपत्रातल्या अटी वाचा. तिथे कुठले विषय त्याच कॉलेजात ग्रेडसह करायचे हे स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि एपी वापरून अट मोडली तर राखीव जागा जाऊ शकते.

ठाण्याहून_ओहायो

माझा प्रश्न थोडा वेगळा. भाची मुंबईत आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) करते आहे आणि तिकडे पदवीला येणार आहे. पुतण्या महाराष्ट्र बोर्डाची बारावी आणि पुण्यात एफवायबीएस्सी करून आला आहे. त्यांना असं क्रेडिट मिळतं का?

पानगळ

आयबीच्या हायर लेव्हल विषयांना बरीच कॉलेजं एपीसारखंच क्रेडिट देतात, आणि अ‍ॅमकॅसमध्ये त्याचा स्वतंत्र प्रकार आहे. नियम तेच: क्रेडिट ट्रान्सक्रिप्टवर हवं. स्टँडर्ड लेव्हलला सहसा काही मिळत नाही.

बोर्डाच्या बारावीला सहसा क्रेडिट मिळत नाही. एफवायबीएस्सीचं क्रेडिट अमेरिकन कॉलेजने ट्रान्सफर म्हणून घेतलं तर पदवीला उपयोग होतो. पण अ‍ॅमकॅस परदेशी ट्रान्सक्रिप्ट पडताळत नाही, त्यामुळे त्या ग्रेड जीपीएत येत नाहीत, आणि प्रीरेक अमेरिका किंवा कॅनडातल्या कॉलेजातच केलेले हवेत अशी बहुतेक शाळांची अट असते. पुतण्याने विज्ञानाचे प्रीरेक इकडे पुन्हा करायचे असंच धरून चालावं. दोघांचा व्हिसाही पाहा. ग्रीन कार्ड नसलेल्यांना घेणाऱ्या मेडिकल स्कूलची संख्या मर्यादित आहे. एमसारमध्ये आंतरराष्ट्रीय अर्जदार घेतात का, ही नोंद असते. यादी तिथून सुरू करा.

शाईपेन

अबोलीताई, आत्तापर्यंतच्या चर्चेवरून तुमच्या मुलीसाठी असं सुचवेन. वर रसायनवेडा आणि त्रिज्या यांनी काही चुकत असेल तर सांगावं.

कॅल्क्युलस बीसीचं क्रेडिट घ्यायचं आणि गणित तिथेच थांबवून दुसऱ्या वर्षी बायोस्टॅटिस्टिक्स. बायोलॉजीचं क्रेडिट घ्यायचं, पुढे जेनेटिक्स आणि फिजिऑलॉजी, दोन्ही लॅबसह. केमिस्ट्रीला ऑनर्सचा एका सेमिस्टरचा कोर्स असेल तर तो या ऑगस्टमध्ये, आणि ऑरगॅनिक १ कधी सुरू होतं ते आधी पाहायचं. काही ठिकाणी ते फक्त शरद सत्रात असतं, मग वसंतात पोकळी राहते. ती पोकळी लॅबवाल्या जेनेटिक्सने भरता येईल. फिजिक्स १ चं क्रेडिट नाकारून दोन्ही सेमिस्टर कॉलेजात, पण पहिल्या वर्षी नको.

याबरोबर एक तक्ता करायला सांगा. आडव्या रांगेत पंधरा-वीस शाळा, त्यात राज्यातल्या सगळ्या. उभ्या रांगेत बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, बायोकेमिस्ट्री, फिजिक्स, गणित, सांख्यिकी, इंग्रजी. प्रत्येक चौकोनात तीन गोष्टी: आवश्यक की शिफारस, लॅब हवी का, एपी कसं चालतं. स्टॅनफर्डसारख्या काही शाळांनी ठरावीक कोर्सची सक्ती ठेवलेली नाही, पात्रता पाहतात. तिथे चौकोन रिकामे राहतील. राज्यातल्या शाळांच्या रांगेत जी सगळ्यात कडक अट दिसेल ती योजना धरायची, कारण प्रवेशाची शक्यता तिथे जास्त असते. दर उन्हाळ्यात तक्ता पुन्हा तपासायचा, धोरणं बदलतात.

संदिग्ध वाटलं तर त्या शाळेच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल करायचा. "एपी चालतं का" असं मोघम विचारू नये. असं विचारावं: "माझ्या ट्रान्सक्रिप्टवर जनरल केमिस्ट्री १ आणि २ ची ८ क्रेडिट एपीने आहेत. मी ॲनालिटिकल केमिस्ट्री लॅबसह ४ क्रेडिट केली आहे. आपली अट पूर्ण होते का?" उत्तर जपून ठेवावं. दुसऱ्या टप्प्याच्या अर्जात प्रत्येक प्रीरेकसमोर कोर्स भरायचा असतो, तेव्हा ते कामी येतं.

रसायनवेडा

योजना पटली. एकच भर: ऑनर्स कोर्स आणि एपीची ८ क्रेडिट एकमेकांना छेदतात का, हे रजिस्ट्रारला लेखी विचारा. काही कॉलेजांत तो कोर्स घेतला की एपीची ८ पैकी ४ क्रेडिट जातात, काहींत सगळी जातात, काहींत काहीच जात नाही. उत्तर आल्याशिवाय नोंदणी पक्की करू नका.

त्रिज्या

आणि काही राहिलंच तर घाबरायचं कारण नाही. प्रीरेक अर्जाच्या वेळी नव्हे, मेडिकल स्कूल सुरू होण्याआधी पूर्ण हवेत अशी सर्वसाधारण अट असते. अर्जात ते "पुढे करणार" म्हणून दाखवता येतात. फिजिक्सचं दुसरं सेमिस्टर चौथ्या वर्षी केलं तरी चालतं. फक्त एमकॅटच्या आधी तो भाग स्वतः वाचून काढावा लागेल.

अबोली_एनजे

रजिस्ट्रारला आजच ईमेल करतो आहोत. केमिस्ट्रीचे ८ क्रेडिट पोर्टलवर उघडून पाहिले, ते ३ + ३ लेक्चर आणि १ + १ लॅब असे चार ओळींत आहेत, लॅबच्या क्रमांकासह. उत्तर आलं की इथे टाकते.